सांगून झालेले शब्द

टेस्ट छोटी करा म्हणून सगळ्यांत आधी बोंब मारली ती सुचितानेच. आज कुणी विचारलं तर ती नाही म्हणणार नाही.

दवाखान्यातली जुनी टेस्ट म्हणजे माणसाचा अंत पाहणं होतं. पंधरा शब्द वाचून दाखवायचे, समोरच्याने आठवतील तेवढे सांगायचे. मग तेच पंधरा परत वाचायचे, परत सांगायला लावायचे. असं पाच वेळा. मधेच दुसरीच एक यादी घुसडायची. मग अर्धा तास बसवून ठेवायचं आणि पुन्हा म्हणायचं, मघाचे शब्द सांगा. स्मरणशक्ती किती उरली ते त्यावरून कळतं म्हणे. कळतंही. पण कुणाची तपासताय ते तरी बघा! मेहकरकडून, देऊळगाव राजाकडून सकाळी न जेवता निघालेली माणसं. कुणाला लकवा मारून गेलेला, कुणी मोटारसायकलवरून डोक्यावर पडलेला. त्यांना तासभर खुर्चीत डांबून शब्द बोलायला लावायचं. एक म्हातारा चौथ्या वाचनाला उठून उभा राहिला. "बाई, मले सोडा, तुमाले पाठ काऊन नाई होऊन राह्यलं?" एवढं बोलून जो बसस्टँडकडे निघाला तो परत फिरकला नाही.

म्हणून सुचिता दोन वर्षं अनुपमा मॅडमच्या मागे लागली होती. दवाखाना एका ट्रस्टचा, तालुक्याच्या गावाबाहेर रस्त्याला लागून. मॅडम मेंदूच्या डॉक्टर, आठवड्यातून दोन दिवस शहरातून गाडीने यायच्या. सुचिता दुसरबीडच्या शेतकऱ्याची पोर, मानसशास्त्रात एमए, करारावर लागलेली. टेस्ट घेणं हे तिचं काम आणि त्या टेस्टखाली सही करणं हे मॅडमचं.

मॅडमनी अखेर मनावर घेतलं. पंधराचे आठ शब्द केले. पाच वाचनांची दोन केली. दुसरी यादी काढून टाकली, अर्ध्या तासाची पाच मिनिटं केली. सूचनांमधली वाक्यंसुद्धा छाटली. आधी नर्सिंगच्या पोरींवर करून पाहिली, पोरी धडाधड पास झाल्या. मग पेशंटवर सुरू केली. तासाचं काम चहा थंड व्हायच्या आत उरकायला लागलं. त्या दिवशी सुचिताने सगळ्या स्टाफला स्वतः समोसे आणून चारले होते. मॅडम आता ही छोटी टेस्ट नागपूरच्या परिषदेत मांडणार होत्या.

सगळं छान चाललं होतं. जनकाबाई येईपर्यंत.

जनकाबाई उंद्रीच्याही आतल्या एका गावची. पन्नाशी ओलांडलेली, पांढरी स्वच्छ साडी, डावा हात जरा लुळा. दिवाळीच्या आसपास तिला लकव्याचा हलका झटका आला होता. पाय सुधारला, हात बराच सुधारला. गावच्या शाळेत ती पोरांची खिचडी शिजवायची, आजपासून नाही, तिच्या हातचं जेवलेल्या पहिल्या पोरांची लग्नं होऊन त्यांची पोरं आता त्याच ताटात जेवत होती इतक्या वर्षांपासून. झटक्यानंतर कामावर परत गेली आणि एक दिवस खिचडीत दोनदा मीठ पडलं. झालं! शाळा समितीचे अध्यक्ष उत्तमराव म्हणाले, आज मीठ दोनदा पडलं, उद्या गॅस चालू ठेवून घरी गेली तं? डोकं तपासून आण, मग चुलीला हात लाव.

मीठ कुणाच्या हातून दोनदा पडत नाही? पण जनकाबाई भीमनगरातली. ती पहिल्यांदा शाळेत शिजवायला लागली तेव्हा अर्ध्या गावाने पोरांना घरून डबे दिले होते आणि पातेलं भरलेलंच राहिलं होतं. पुढे भूक मोठी ठरली, डबे बंद झाले. पण काही लोक गप्प बसले म्हणजे विसरले असं नसतं. त्यांना नुसतं एक निमित्त पाहिजे होतं आणि ते मिठाच्या रूपाने सापडलं. जनकाबाईच्या पोराने, संघर्षने, हे सगळं सुचिताला दारातच सांगून टाकलं. तो गॅरेजवर काम करायचा, नखांत ऑइल.

"मॅडम, माह्या मायचं डोकं माह्यापेक्षा चांगलं हाय. पण कागद पाह्यजे त्याइले. चांगला लिहून द्या."

"मी जे आहे ते लिहिणार," सुचिता म्हणाली. "तुम्ही बाहेर बसा."

जनकाबाई खुर्चीत टेकली. पदर नीट केला. बाहेर रांग दाराबाहेर पायरीपर्यंत गेलेली.

"मावशी, मी आठ शब्द वाचते. नीट ऐका. वाचून झाले की आठवतील ते सांगा."

"सांग."

सुचिताने वाचले. जनकाबाईने डोळे मिटून घेतले होते.

"विहीर. बैल. दोरी. डबा. कात्री." तिने डोळे उघडले. "बाकीचे हायेत, पण आता येऊन नाई राह्यले."

"चालेल. आता पुन्हा वाचते. आठवतील ते सांगा."

पुन्हा वाचन. पुन्हा मिटलेले डोळे. मग चेहऱ्यावर 'हां, सापडले' असं काहीतरी आलं.

"चांदणी. पेरू. खिडकी." आणि हात मांडीवर ठेवून ती शांत बसली.

"अजून काही?" एवढंच विचारायची परवानगी होती, तेही एकदाच.

"अजून कुठून आणू बाप्पा? झाले ना."

सुचिताने तीन लिहिले. पहिल्यांदा पाच, दुसऱ्यांदा तीन. वर जायला पाहिजे तर खाली आली. पाच मिनिटं चौकोन-त्रिकोण काढायला दिले. मग कागदावर होतं तेच वाक्य: मघाचे शब्द सांगा.

जनकाबाई तिच्याकडे बघत राहिली. "ते तं देले ना तुमाले सगळे."

"जे आठवतात ते."

"देऊन झाले बाई. आता माह्यापाशी काई नाई राह्यलं."

सुचिताने शून्य लिहिलं. लिहिताना वाईट वाटलं, पण आश्चर्य नाही वाटलं. विसरणारी माणसं अशीच बोलतात. आठवत नाही असं कुणी म्हणत नाही. सांगितलं की मघाशी, तुमचंच लक्ष नव्हतं, चष्मा विसरला, काल झोप नाही झाली, अशी काहीबाही कारणं पुढे करून माणूस आपली अब्रू झाकतो. शेकडो पाहिले होते तिने. तिने आकडे टॅबमध्ये टाकले. टॅबने एक ओळ काढली: स्मरणशक्ती कमी, जबाबदारीचे काम देऊ नये. मॅडमनी पलीकडच्या खोलीत सही केली. समितीने रिपोर्ट मोबाइलवर मागवलेला, तो उत्तमरावांना गेलासुद्धा. पुढचा पेशंट आत.

छोट्या टेस्टचा हाच तर फायदा. चूकसुद्धा झटपट होते.

जेवणाच्या सुट्टीत सुचिता नळावर बाटली भरायला गेली. लिंबाखाली जनकाबाई आणि संघर्ष शिदोरी सोडून बसले होते. दोघांची पाठ तिच्याकडे. निकाल त्यांना अजून कळला नव्हता, रिपोर्ट शाळेत जाईल एवढंच सांगितलेलं.

"सोपी होती काय वं माय?" संघर्षने विचारलं.

"सोपी काय नी अवघड काय. आठ शब्द होते. पयल्या झोक्यात पाच देले, दुसऱ्या झोक्यात राह्यलेले तीन देले. हिशोब पुरा. तरी पोरगी तिसऱ्यांदा हात पसरते! कापूस एकदा काट्यावर चढला का चढला. तेच गाठोडं परत काट्यावर ठेवलं तं मालक चोर म्हणीन का नाई?"

"आठही सांगतले?"

"मंग? विहीर, बैल, दोरी, डबा, कात्री, चांदणी, पेरू, खिडकी." भाकरीचा तुकडा मोडता मोडता तिने सगळे म्हणून टाकले. "तुले काऊन पाह्यजे? तुई बी परीक्षा हाय का?"

सुचिता नळापाशी उभीच राहिली. बाटली भरून वाहत होती.

जुन्या टेस्टच्या कागदावर प्रत्येक वाचनाआधी एक वाक्य होतं: आधी सांगितलेले शब्दसुद्धा धरून, आठवतील तेवढे सगळे सांगा. पाचही वेळा ते म्हणायचं. सुचिताला ते इतकं पाठ होतं की त्याचा कंटाळा यायचा. छाटणीत ते गेलं. नर्सिंगच्या पोरींना त्याची गरजच पडली नाही. कशी पडेल? त्या पहिलीपासून शाळेत बसल्या होत्या. आपल्याला उत्तर माहीत असताना ते समोरच्याला विचारायचं, आणि त्याने एकदा सांगितलं तरी परत विचारायचं, हा येडपटपणा फक्त शाळेत चालतो. शाळेत गेलेल्याला त्याची सवय असते. न गेलेल्याला कुणी दोनदा विचारलं तर तो समजतो, ह्याला उरलेलं पाहिजे. देणारा उरलेलं देतो. त्यात त्याचं काय चुकलं?

जनकाबाई अख्खं आयुष्य शाळेच्या भिंतीशी राबली होती, पण भिंतीच्या आत एक दिवसही बसली नव्हती.

सुचिता लिंबाखाली गेली. "मावशी, ऐका. माझ्याकडून चूक झाली."

सगळं सांगितलं. शाळेत काय रिपोर्ट गेला तेही सांगितलं. संघर्ष ताडकन उठला.

"म्हणजे माही माय नापास? वा रे वा! अन् ते वाट पाहूनच बसले हायेत तिकडे!"

"ओरडू नको," जनकाबाई म्हणाली. तिचा आवाज खाली होता आणि म्हणूनच सुचिताला जास्त लागला. "बाई, तुले सगळे देले होते मी. तुह्या समोर बसून देले. तू लेहून घेत होती ना?"

"हो."

"मंग तुले दिसलं नाई?"

दिसलं होतं. पाच आणि तीन, वेगवेगळे, एकही परत न आलेला. खरं विसरणारा माणूस असं कधीच करत नाही. त्याचे तेच ते शब्द परत परत येतात. डोळ्यांसमोर होतं आणि ती आकडे टाकून मोकळी झाली होती, कारण दारात रांग होती.

"माझ्यासोबत चला. जुनी मोठी टेस्ट घेते. तासभर लागेल."

"आता अजून तासभर? आमची बस जाते."

"जाऊ द्या बस. मी सोडायची व्यवस्था करते."

"तू व्यवस्था कर अन् मंग आणखी एक चूक कर," संघर्ष म्हणाला. "चल माय. हे दवाखानेवाले आपल्याले येडे करूनच सोडतीन."

जनकाबाईने फडकं झटकलं, घडी घातली. लुळा हात पुढे करून पोराला म्हणाली, "उठव मले." उठली, आणि दवाखान्याच्या दाराकडे वळली. "कागद शाळेत गेला म्हणते ना ती? मंग तो मोडाले दुसरा कागद पाह्यजे. बस काय उद्या बी हाय. चल बाई. या वक्ती नीट सांग मले, काय पाह्यजे ते."

सुचिताने नीट सांगितलं. आधी सांगितलेले धरून, सगळे, दर वेळी सगळे, जणू कधी सांगितलेच नाहीत असे.

"हे काय लचांड हाय," जनकाबाई म्हणाली. "बरं."

पहिल्या वाचनाला सहा आले. दुसऱ्याला आठ. दर वेळी ती कुरकुर करायची, हे पयलेचे हायेत, पण तू म्हणतं म्हणून. चौथ्या वाचनाला तिचं डोकं दुखायला लागलं, तिने कपाळ दाबून धरलं आणि सुचिताच्या घराण्याचा उद्धार केला. पण पाचव्याला बारा. अर्धा तास ती व्हरांड्यात बसली, एका अनोळखी बाळंतिणीला बाळ कसं शेकायचं ते सांगत. परत आली आणि अकरा सांगितले. बाराव्याला अडली, चरफडली, "जिभेवर हाय मेला," म्हणाली, आणि आला नाहीच.

अकरा. तिच्या वयाला, न शिकलेल्या बाईला, झटक्यानंतर. सुचिताने स्वतःच्या हाताने दोन पानं लिहिली आणि मॅडमच्या खोलीत गेली.

मॅडम गाडीची किल्ली हातात घेऊन उभ्याच होत्या. पानं चाळली. वाईट बाई नव्हती ती, हे सांगायला हवं. वाईट असती तर सोपं गेलं असतं.

"तू कुणाला विचारून मोठी टेस्ट घेतलीस?"

"मॅडम, छोट्या टेस्टमध्ये एक वाक्य कमी आहे. त्यामुळे त्यांनी एकदा सांगितलेले शब्द परत सांगितलेच नाहीत." तिने सगळा प्रकार सांगितला. कापसाचं गाठोडंही सांगितलं.

मॅडम हसल्या. "इंटरेस्टिंग आहे. पण ही एखादीच."

"आपल्याला कुठे माहीत एखादी की अर्धी? आपण विचारलंच नाही कुणाला. वाक्य परत घालू या ना. म्हणायला किती वेळ लागतो?"

"प्रश्न वेळेचा नाही, सुचिता. मधेच एक वाक्य बदललं की ती वेगळी टेस्ट होते. आतापर्यंत केलेले सगळे पेशंट फुकट जातील. पुढच्या महिन्यात मला हे मांडायचंय."

"पेशंट फुकट कसे जातील मॅडम? ते घरी आहेत. त्यांच्या नावावर 'स्मरणशक्ती कमी' लिहून दिलंय आपण."

"आवाज खाली." मॅडमनी किल्ली टेबलावर ठेवली. "टेस्ट छोटी करा म्हणून माझ्या डोक्यावर कोण बसलं होतं? तूच ना? मोठीला लोक पळून जातात म्हणून कोण रडत होतं?"

"मीच. छोटी करा म्हटलं होतं, अपुरी करा नव्हतं म्हटलं."

मॅडमनी किल्ली बाजूला सारली. मग खुर्चीत बसल्या, दवाखान्याचा छापील कागद ओढला आणि चार ओळी लिहिल्या. जनकाबाईंची स्मरणशक्ती वयाच्या मानाने ठीक. स्वयंपाकाचे काम करण्यास हरकत नाही. पहिल्या तपासणीच्या वेळी रुग्ण घाबरलेली असल्याने तो निकाल ग्राह्य धरू नये. खाली सही, शिक्का.

"घे. तुझ्या बाईचं काम झालं. टेस्ट आहे तशी चालेल."

"त्या घाबरल्या नव्हत्या, मॅडम."

"दोन निकाल दोन दिशांना गेले की मधे कारण लागतं. आपली टेस्ट चुकीची, असं मी माझ्याच सहीने लिहू का? घेऊन जा, नाहीतर ठेव इथेच."

सुचिताने कागद घेतला. बाहेर येऊन रडायला येत होतं पण रडली नाही. कपाटाचं दार मात्र असं आपटलं की शिपाई बघायला आला. काम झालं होतं. बाईला तिची चूल मिळणार होती. मग एवढी आग कशाची होत होती?

जनकाबाई आणि संघर्ष शेवटच्या बसने गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी समितीची बैठक होती. कागद मोबाइलवर पाठवता आला असता. सुचिताने सुट्टी टाकली आणि स्वतः गेली. उंद्रीपर्यंत बस, पुढे काळीपिवळी, त्यात मेथीच्या जुड्यांवर पाय ठेवून.

शाळेच्या ऑफिसात सहा-सात माणसं. उत्तमराव मधल्या खुर्चीत, पांढरा शर्ट, मोबाइल पुढ्यात. जनकाबाई दाराशी उभी, कुणी बस म्हटलं नव्हतं. संघर्ष बाहेर पायरीवर. स्वयंपाकाच्या खोलीला कुलूप, आणि पोरं खिडकीतून आत बघून जात होती, आज काही शिजतंय की नाही ते.

"या, या मॅडम," उत्तमराव म्हणाले. "आता तुमी सोता आल्या तं आमाले बरंच झालं. हे पाहा, तुमच्याच दवाखान्याचं हाय. जबाबदारीचं काम देऊ नये. आता आमी का करावं? आमचं काई वैर हाय का बाईसंग? पण लेकरायचा मामला हाय."

सुचिताने आपली दोन पानं पुढे केली. उत्तमरावांनी वजन केल्यासारखी हातात धरली आणि बाजूला ठेवली.

"एवढं कोण वाचते मॅडम? अन् सही तुमची हाय, डॉक्टरची नाई. हे एका वळीत हाय, डॉक्टरच्या सहीचं."

मग तिने छापील कागद काढला. काढावाच लागला. उत्तमरावांनी तो मात्र मोठ्याने वाचला. ठीक. हरकत नाही. आणि मग शेवटची ओळ: पहिल्या तपासणीच्या वेळी रुग्ण घाबरलेली असल्याने...

"असं म्हणा ना मंग," एकजण म्हणाला. "घाबरली बिचारी. होते असं. मोठा दवाखाना, मशिनी."

बाकीचे हसले. तसं वाईट नव्हतं ते हसणं. काम होऊन गेलं की माणसं हसतात तसं. उत्तमरावसुद्धा सैलावले. "ठीक हाय मंग. घाबरली होती म्हणते डॉक्टर. जाय जनकाबाई..."

"कोण घाबरली?" जनकाबाई म्हणाली.

"तूच. लेहेल हाय इथं."

"मी?" ती दारातून आत आली. "कोणाले घाबरली मी? ह्या पोरीले?"

"जाऊ दे ना वं," उत्तमराव म्हणाले. "काम भेटून राह्यलं ना तुले? घे अन् जाय."

"घाबराचे दिवस होते तवा नाई घाबरली. ह्याच खोलीत पातेलं भरून बसत होती अन् एक लेकरू ताट घेऊन येत नव्हतं. तुमी सोता तुमच्या पोराले हात धरून घेऊन गेल्ते, उत्तमराव. तवा नाई घाबरली, अन् आता आठ शब्दाइले घाबरीन?" ती सुचिताकडे वळली. "बाई, तू होती ना तिथं. सांग. मी घाबरली होती?"

उत्तमरावांचा चेहरा उतरला, ते मोबाइल चाळायला लागले.

सुचिताला माहीत होतं की आता 'हो, थोड्या घाबरल्या होत्या' एवढं म्हटलं की सगळं मिटेल. कुलूप उघडेल, खिचडी शिजेल, तिचं करारपत्र पुढच्या वर्षी नवं होईल. जनकाबाई नंतर तोंड फिरवेल, पण चूल तिची राहील.

"नाही," ती म्हणाली. "त्या घाबरल्या नव्हत्या. आम्ही टेस्ट छोटी केली आणि त्यात काय करायचं ते नीट सांगितलंच नाही. त्यांनी सगळे शब्द बरोबर सांगितले होते. चूक आमची आहे."

तिने कागद उत्तमरावांच्या पुढ्यातून ओढला, पर्समधून पेन काढलं आणि शेवटच्या ओळीवर आडवी रेघ मारली. वर लिहिलं: पहिल्या तपासणीत सूचना अपुरी होती. खाली आपलं नाव, सही.

"हे काय केलं तुमी?" उत्तमराव उभेच राहिले. "डॉक्टरचा कागद खोडला? खोडेल कागद चालत नसते मॅडम! आता हे मी वर कसं पाठवू?"

"फोन लावा डॉक्टरना. नंबर देते. सगळ्यांसमोर विचारा."

उत्तमरावांनी लावला. आवाज मोठा केला. रिंग वाजत राहिली, मग मॅडमचा आवाज आला, मागे गाडीचा हॉर्न.

"मॅडम, मी शाळा समितीचा अध्यक्ष. तुमच्या बाईनं तुमचा कागद खोडला. बाई घाबरली होती हे काटलं अन् तिथं तुमची टेस्ट अपुरी होती असं लेहेलं. आता हे खरं हाय का खोटं, तुमीच सांगा."

फोनमधून फक्त गाडीचा आवाज येत राहिला. सगळे त्या छोट्या डबीकडे बघत होते. खोटं आहे म्हणायला मॅडमना काहीच अडचण नव्हती. पण खोटं म्हटलं असतं तर 'मंग मी कोणाले घाबरली?' हा पुढचा प्रश्न आला असता, आणि तो विचारणारी बाई त्याच खोलीत उभी होती.

"मी नंतर बोलते," मॅडम म्हणाल्या. फोन बंद.

"'नाई' नाई म्हटलं त्याइनं," पायरीवरून संघर्ष म्हणाला.

"'हाव' बी नाई म्हटलं," उत्तमराव म्हणाले.

"मंग त्या बोलतीन तवा बोलतीन," जनकाबाई म्हणाली. "लेकरं कवाची खिडकीत येऊन राह्यली. किल्ली द्या."

उत्तमराव समितीकडे बघत राहिले. समिती छताकडे बघत राहिली. कुणालाच हो म्हणायचं नव्हतं आणि खोडलेल्या कागदाची जबाबदारीही कुणाला नको होती. शेवटी उत्तमरावांनी खिशातून किल्ली काढली आणि तिच्या हातात न देता टेबलाच्या कडेला ठेवली.

"आजच्यापुरती. उद्याचं डॉक्टरचा फोन आल्यावर पाहू."

जनकाबाईने किल्ली उचलली. उजव्या हाताने कुलूप निघेना, डावा लुळा. संघर्षने पुढे होऊन मदत करायला हात केला तर तिने कोपराने ढकललं आणि दोन-तीन खटपटीनंतर स्वतःच उघडलं. आत गेल्या गेल्या तिचा आवाज आला, "हे कुकर कोणं असं ठेवलं बे? धुवाची अक्कल नाई?"

पोरं दाराशी गोळा झाली. सुचिता पायरीवर बसली. आभार मानायला कुणी आलं नाही, आणि यावं असं तिला वाटलंही नाही. उद्या काय होईल ते तिला ठाऊक नव्हतं. मॅडम फोन करतील आणि काहीतरी गुळमुळीत लिहून पाठवतील, किंवा सरळ नाही म्हणतील. तिकडे दवाखान्यात आजही रांग असेल, तिच्या जागी नर्सिंगची एखादी पोरगी बसली असेल आणि कुणीतरी शब्द एकदा देऊन मोकळं झालेलं असेल.

पर्समध्ये मोबाइल वाजला. मॅडमचं नाव. आतून तांदूळ धुतल्याचा आवाज येत होता. तिने दोन-तीन वेळा वाजू दिला.

"हां मॅडम," ती म्हणाली. "हो. खोडलं. मीच खोडलं."